छतावरची दक्षिण

साइदामध्ये आमचं घर पाचव्या मजल्यावर,
म्हणजे छत आमचं,
म्हणजे माझ्या नवऱ्याचं,
म्हणजे त्याच्या कबुतरांचं.

जनरेटरवाल्या नझीहकडून आम्ही पाच अँपिअर घ्यायचो.
पाच अँपिअरमध्ये फ्रीज चालतो आणि एक दिवा,
किंवा फ्रीज थांबवून इस्त्री,
किंवा सगळंच थांबवून नझीहची घरघर ऐकत बसायचं.
बाराच्या ठोक्याला तो तीही बंद करायचा
आणि मग समुद्र ऐकू यायचा.
पाहुण्यांना त्याचं कौतुक.
मला फ्रीजमधल्या दह्याची काळजी.

अंघोळीचं पाणी गॅसवर.
पातेलं उचलून न्हाणीपर्यंत अकरा पावलं,
सातव्या पावलाला मनगटातून कळ.
एका हिवाळ्यात मी सातव्यालाच थांबले,
पातेलं तिथंच खाली ठेवलं
आणि सराफाकडे गेले.
दोन बांगड्या निघाल्या. तिसरी निघेना,
हाडाशी घट्ट बसलेली.
ती अजून आहे.

मुनीर आला. वय सत्तावीस, आधी बँकेत होता,
बँक बुडाली तेव्हा उन्हात आला.
फोन आडवा धरून छतावर गोल फिरला,
म्हणाला, खाला, तुमची दक्षिण इथं आहे,
आणि नेमकं ढाबळीकडे बोट केलं.

हिक्मत दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाला,
कबुतरं तिथं बावीस वर्षं राहतात.
मी म्हटलं, कबुतरं उडवणाऱ्याची साक्ष
काझीसुद्धा धरत नाही म्हणतात,
मी कशाला धरू?
तो हसला. हसल्यावर हरला.

ढाबळ उत्तरेला गेली, पाण्याच्या टाकीमागे.
दक्षिणेला आठ पॅनेलं, तिरकी, निळीशार,
शेजारी काळ्या नळ्यांचा बंब.
संध्याकाळी एकतीस कबुतरं फेरी मारून परतली
ती ढाबळीकडे नाही,
ढाबळ जिथं होती तिथं.
काचेवर उतरली आणि घसरली,
पुन्हा उतरली, पुन्हा घसरली,
लाल पाय, निळी काच,
आणि हिक्मत शीळ घालतोय, काठीला काळं फडकं,
इकडे, अरे इकडे, घर इकडे आहे.

त्याच संध्याकाळी मी नळ सोडला.
सवयीनं तांब्या हातात होता.
तो बाजूला ठेवला.
किती वेळ उभी होते कोण जाणे.
दिवसभराचं ऊन खांद्यांवरून उतरत होतं
आणि ते कुणी उचलून आणलेलं नव्हतं.

महिन्याभरात तीस कबुतरं शिकली.
म्हातारं केशरी शिकलं नाही.
तिसऱ्या पॅनेलच्या वरच्या कडेला
नखं रोवून बसायचं, छाती फुगवून,
बिल आपणच भरल्यासारखं.
मुनीर म्हणाला, खाला, त्याला उठवा,
एका चौकोनावर सावली पडली
तरी सगळी रांग मंदावते.
म्हटलं, बाळा, मी चार मुलं वाढवलीत,
मला सांगतोस?

हिक्मत आता पहाटे उठून
पॅनेलं पुसतो, व्हिनेगर आणि जुनी बनियन.
चौथ्या मजल्यावरच्या सुहैलाला
मंगळवारी कपडे धुवायला वायर सोडतो.
दिवेलागणीला खाली येतो, चपला काढतो
आणि एक आकडा सांगतो. नुसता आकडा.
एकतीस, म्हणाला तर मला विचारावं लागतं,
बॅटरी की कबुतरं?

परवा म्हणाला, तीस.
मी जाऊन बॅटरी बघितली.
अठ्ठ्याऐंशी होती.

आम्ही जेवलो. फ्रीज चालू होता, पंखाही,
दही नीट लागलेलं.
रात्री तो एकदा वर जाऊन आला.

काल त्यानं सगळी पॅनेलं पुसली,
तिसऱ्याची वरची कड सोडून.
तिथं वाळलेला पांढरा ओघळ आहे
आणि एक बारीक पीस चिकटलेलं.
रांग थोडी मंद चालते.
मुनीरला मी काही कळवलेलं नाही.