जेवढा खड्डा, तेवढी भिंत

टेप घट्ट धर, बारकू. वारा आहे.
टाकं तिसरं : लांबी अकरा चाळीस,
रुंदी सहा,
खोली – काठी बुडते तिथवर,
पुढे गाळ. गाळाचा अंदाज लिहितो.

भोरहून आणलेली दुरेघी वही.
मागच्या पानावर अजून पोराच्या हातच्याच्या बेरजा आहेत.

एवढा दगड वर कसा चढवला,
असं विचारतात पुण्याकडून आलेले पाहुणे.
चढवलाच नाही.
ओळीने भोकं पाडली, भोकांत सुकं लाकूड ठोकलं,
लाकडाला पाणी पाजलं आणि रात्रभर थांबले.
लाकूड फुगलं. पहाटे कातळ सुटला
भाकरीच्या पापुद्र्यासारखा.
खाली पाण्याला जागा झाली,
आणि निघाला तो दगड
त्याच पाण्याच्या राखणीला उभा केला.
हा बुरूज म्हणजे हे टाकंच,
पालथं घातलेलं.

वाट तटाला उजवी कूस देऊन चढते.
ढालीचा हात दरीकडे राहतो,
उघडं अंग जंग्यांसमोर.
चढणाऱ्याला हे दरवाजाशी पोचल्यावर कळायचं,
म्हणजे उशिरा.

दरवाजाला दार नाही. अडसराची भोकं आहेत,
एक वीतभर, समोरचं खोल –
अख्खा वासा आत झोपायचा.
बारकू ढेब्याने खांद्यापर्यंत हात घातला,
तळ लागला नाही.
हाताला लागली ती सापाची कात.
तीही मोजू का, म्हणाला.

संध्याकाळी देवडीत बसून बेरीज केली.
सात टाकी एका बाजूला,
तट, बुरूज, देवडी, अंबरखान्याचं जोतं दुसऱ्या.
चारशे घनमीटर दगड कमी भरतो.
पुन्हा केली. तेवढाच.
पडला असेल दरीत, म्हणालो.
बारकू नुसता हसला.

खाली उतरलो तेव्हा दिसायला लागलं.
शाळेच्या झेंड्याखालचा चौथरा.
धुण्याचा दगड, त्यावर छिन्नीच्या तिरक्या रेघा
साबणाने बुळबुळीत झालेल्या.
गव्हाणीचा काठ.
मुक्कामी एसटीच्या मागच्या चाकाला दिलेली उटी,
तिला सुद्धा एक कोपरा
काटकोनात घडवलेला.

सगुणा रेणुसेच्या ओट्यावर चहा झाला.
उंबऱ्यावरून माझी नजर हटेना,
तसा तिने पदर सावरून पाय त्यावर ठेवला.
"आमच्या आजेसासूच्या वेळचा आहे.
लिवताय काय?"
वही उघडी होती.
मी चारशेच्या पुढे लिहिलं : दरीत.

रात्री निजलो ओट्यावरच.
आतून तिने दार लावलं, आडणा ओढला.
दगडातून लाकूड सरकत राहिलं,
सरकत राहिलं,
बराच वेळ.