विषय क्रमांक नऊ

मी फक्त इतिवृत्त लिहितो.
कोण उठलं, कोणी सूचना मांडली, अनुमोदन कुणाचं.
कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं
ते ‘सभागृहात थोडा वेळ गोंधळ’ एवढ्यात मावतं.
एकवीस वर्षांत सोलापूरची सगळी भांडणं
मी या चार शब्दांत घडी घालून ठेवली,
चादरीसारखी.

विषय क्रमांक नऊ : परिवहन उपक्रम, निधी व विस्तार.
दुपारचे अडीच. बाहेर बेचाळीस अंश,
आत पंखे भाषणांपेक्षाही हळू.

उंबरजे म्हणाले, आगाराची जागा भाड्यानं द्या,
खाली गाळे, वर लॉज.
मग बस लावायच्या कुठं? मागून आवाज.
आहेत किती ओ, माझ्या अंगणात लावा.
(हशा. हशा कंसात लिहायची मुभा आहे.)

नदाफ म्हणाले, मालमत्ता करावर अर्धा टक्का.
जुळे सोलापूरचे तिघं एकदम उठले :
आमच्याकडं बसच येत नाही, कर कशाचा?
कर येत नाही म्हणून बस येत नाही.
बस येत नाही म्हणून कर येत नाही.
थोडा वेळ गोंधळ.

मग विजेच्या बसगाड्या आल्या,
पन्नास, गार हवेच्या, रंगीत कागदावर.
त्यांचं वीजबिल कुणी भरायचं
या पानापाशी साहेबांनी पाणी मागितलं.
आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं,
हे मात्र लगेच आलं.

तिकीट दोन रुपयांनी वाढवायची गोष्ट निघाली
तेव्हा शैलजाताई कडाडल्या,
कष्टकरी बाईच्या पोटावर पाय देऊ देणार नाही!
आणि पुरावा म्हणून प्रेक्षक सज्जातून उठवलं
विडी घरकुलच्या अंबव्वा चिटमिल यांना.
नियमात बसत नव्हतं. पण माईक चालू होता.

त्या म्हणाल्या, मला रुपयातलं येत नाही नीट,
विड्यांत सांगते.
हजार विड्यांवर आमचं दिवस.
बस म्हणजे साठ विड्या. टमटम म्हणजे शंभर.
तुम्ही बस सत्तर करा, देते की.
ताई म्हणतात तसं नाही, देते.
पण मी थांब्यावर उभी राहते एक तास,
कधी दीड. मांडीवर सूप नाही, पानं वाळून जातात,
हात मोकळे.
तासाला शंभर विड्या होतात माझ्या हातानं.
त्या शंभर कुणाकडं जमा होतात?
तिकीट फाडणाऱ्याकडं नाही, मी विचारले त्याला.
रोज आम्ही वीस-पंचवीस बायका हुबे असतो.
एवढा पैसा तुमच्यात कोण घेतंय, सांगा,
त्याच्याकडनंच बस आणा.

कुणी हसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही.
शैलजाताईंनी चष्मा पुसला, परत घातला.
उंबरजे मोबाइलवर गुणाकार करताना मी पाहिले,
पंचवीस गुणिले शंभर, मग थांबले,
थांबे किती आहेत शहरात हे त्यांना माहीत नव्हतं.
मलाही नाही.

साहेब म्हणाले, सूचनेची नोंद घेण्यात येईल.
नोंद घेणारा मी.
विषय तहकूब. चहा.

संध्याकाळी मसुदा तपासायला गेला.
समासात पेन्सिलीनं मी लिहिलं होतं :
प्रतीक्षा, शंभर विड्या दर तासी, दर बाई.
लेखाधिकाऱ्यांनी त्याखाली लाल रेघ ओढली,
हे कुठल्या लेखाशीर्षाखाली येतं?
मी म्हणालो, बघतो.
खोडून टाका, ते म्हणाले.
खोडरबर सापडत नाही, मी म्हणालो.
तो माझ्या खिशात होता.

मग पार्क चौकात येऊन उभा राहिलो.
हात मोकळे.
सहा दहा. सहा पंचवीस.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा
माझा पगार विड्यांत मोडून पाहिला,
आणि शेजारी उभ्या बाईकडे
मला नीट बघवेना.