तिसरं बोट

दाढ दुखत होती म्हणून गेलो.
एवढंच.
सक्करदऱ्याला, चपलेच्या दुकानावर, पहिल्या माळ्यावर.
एप्रिलचं ऊन जिन्यापर्यंत मागं आलं
आणि कूलरच्या ओल्या वाळ्यापाशी थबकलं.

"काढून टाका," म्हटलं, "फुरसत नाही,
ठेला पोराच्या भरवशावर टाकून आलो."

पौनीकर डॉक्टरीण, माझ्या पोरीएवढी,
तिनं आधी दाढेकडे पाहिलंच नाही.
जीभ गॉजमध्ये धरून डावीकडे ओढली, मग उजवीकडे,
मग वर, खाली काय लपलंय ते बघायला.
गालांच्या आतून थंडगार आरसा फिरवला.
हनुवटीखाली, मानेला, बोटांनी चाचपलं,
कळमन्यात लिंबं चाचपतात तसं.

"तीन बोटं घाला तोंडात. उभी. तुमचीच."

हसू आलं.
सव्वीस वर्षं ह्याच बोटांनी
पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घोटतो मी,
आवाजावरून सांगतो खर्रा झाला की नाही.
तर्जनी गेली. मधलं गेलं.
अंगठीचं बाहेर राहिलं.
पुन्हा केलं. बाहेरच.
जबडा जणू कुणी आतून कडी लावून घेतलेला.

आणि मग एकेक आठवत गेलं:
पोह्यांवर तर्री नको म्हणायला लागलो, ते कधीपासून?
पाणीपुरी अर्धी तोडून खातो म्हणून
चंद्रकला म्हणाली होती, "नखरे बुढ्याचे!"
नातीच्या वाढदिवसाला फुगा फुगेना,
म्हटलं, फुगेच बेकार आहेत.

"उजव्या गालात पांढरं दिसतंय."
"चुना असन, मॅडम."
तिनं पुसलं. पुन्हा पुसलं.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
न पुसला जाणारा चुना.
"दुखतं?"
"नाही."
"तेच तर," ती हळू म्हणाली, "हे दुखत नाही."

गुलाब हेडाऊ आठवला, तांडापेठेतला, मागावरचा.
त्याच्या गालात भोवरी होती, वर्षभर.
"दुखत नाही ना बे, मग कायले दाखवू?"
दुखलं तेव्हा मेडिकलला नेला.
अर्धा जबडा तिथंच ठेवून आला.
आता नळीनं पेज घेतो
आणि पोराच्या पाटीवर लिहून बायकोशी भांडतो.
भांडण रंगात आलं की पाटी भरते.

कणभर मांस काढून तपासायला पाठवलं.
आठ दिवस.
आठ दिवस मी देवाला काही मागितलं नाही,
कोणत्या तोंडानं मागणार?

नवव्या दिवशी कागद वाचून ती म्हणाली,
"कॅन्सर नाही. अजून."
त्या "अजून"पाशी मी बराच वेळ बसलो.
"ह्याला तसं मोठं नाव पडायच्या आधी आलात.
खर्रा आज सुटला पाहिजे. दर तीन महिन्यांनी दाखवायचं."
शाळेत गुरुजींनी त्या बोटाचं नाव सांगितलं होतं.
अनामिका.
बिननावाचं.

दाढ काढली तिनं, शेवटी.
कागदात बांधून आणली मी घरी.
चंद्रकला म्हणते, फेकून द्या ते घाण.
कशी फेकू? गाल मुका होता,
त्याच्या वाटचं ही दुखली.

खर्रा मी सोडला.
विकायचा अजून सुटला नाही, खोटं कायले बोलू.
पोराची फी आहे, ठेल्याचं भाडं आहे,
रात्री झोप लागत नाही, तेही आहे.

ठेल्याला आरसा आहे, सगळ्या ठेल्यांना असतो,
पोरं केस फिरवतात त्यात.
काल एक आला, एकोणीस-वीसचा,
"काका, एक बारीक घोटा."
म्हटलं, "केस मग. आधी तोंड उघड.
तीन बोटं घाल. उभी."
"काहून?"
"घाल म्हणतो ना."

हसत हसत घातली त्यानं.
तिन्ही गेली.
आरशात आम्ही दोघं,
त्याचं तोंड उघडं, माझं मिटलेलं,
आणि हातात पन्नी तशीच,
न घोटलेली.