चार आकडे

टायर घेताना मी आधी नाव बघत होतो.
कणकुंबीच्या हॉटेलात रात्री एकला
आम्ही सगळे नावांचंच बोलतो.
महांतेश 'वज्रा' सोडून दुसऱ्याला हात लावत नाही,
त्याच्या बापाची लॉरी वज्रावर चालली,
बहिणीच्या लग्नाची भांडी वज्रावर आली.
इनास म्हणतो, वज्रा आता पहिल्यासारखा राहिला नाही,
'सारंग' घे, वळणाला जळूसारखा धरतो.
कुळदैवत बदल म्हटल्यागत
महांतेश कप आपटून उठतो.
चहाचे पैसे मात्र तोच देतो.

मी सारंग घेतला. जोडी, मागची डावी.
किल्ल्याजवळच्या शोरूममध्ये, पेढा खाऊन.
मालक माझ्याशी मराठी बोलला, पोराशी कन्नड,
फोनवर हिंदी,
आणि वॉरंटीचं कार्ड दिलं ते इंग्रजीत.
म्हणाला, साठ हजार किलोमीटर, डोळे झाकून जावा.
चोर्ल्याला डोळे झाकून कोण जातंय?

अकरा हजारांवर फुटला.
उतरणीला, आतल्या बाजूचा.
पाठीमागं टोमॅटो, ढबू, कोथिंबीर.
आवाज असा की भरमा झोपेतच
दार उघडून उडी मारायलाय,
मी एका हातानं त्याची कॉलर धरली,
दुसऱ्या हातात उरलेली सगळी गाडी.
थांबलो तेव्हा पट्टा मागं रस्त्यात पडलेला,
जनावरानं कात टाकल्यागत,
आणि जळक्या रबराचा, कोथिंबिरीचा
एकच वास.
म्हापशाला पोचलो साडेनवाला.
भाजी विकली असं नाही म्हणता येत. वाटली.

शोरूमवाल्यानं बोट फिरवून बघितलं.
ओव्हरलोड, म्हणाला.
टोमॅटो होते हो, म्हटलं.
मग हवा कमी असणार.
रोज भरतो, म्हटलं, दस्तगीरला विचारा.
मग रस्ता खराब आहे.
ह्याला मी काय बोलणार,
रस्त्याचं कार्ड कुणी दिलंय मला?
एकोणीस दिवसांनी कंपनीचा माणूस आला,
बूट पुसून आत गेला, फोटो काढला,
कागदावर एका चौकोनात टिक मारली.

दस्तगीर उद्यमबागेत रिमोल्डिंग करतो.
त्यानं टायर आडवा पाडला,
अंगठा थुंकीनं ओला करून
बाजूची भिंत पुसली.
खाली, एका लांबट खोबणीत, चार आकडे.
तीन दोन एक नऊ.
"बत्तिसावा आठवडा, एकोणीस साल.
नाव काय बघत बसलास? जन्म बघायचा आधी."
मी पेढा खाल्ला त्या दिवशी
तो चार वर्षांचा होता.

बत्तिसावा आठवडा.
घरी कॅलेंडर नव्हतं तेवढं जुनं, बोटांवर मोजला.
ऑगस्ट निघाला.
कुसमळीच्या पुलावरनं पाणी, मी अलीकडं, तीन दिवस,
गाडीत कोबी.
तो वास दिवाळीपर्यंत शर्टातनं गेला नाही.
त्याच आठवड्यात कुठल्यातरी कोरड्या गावात
हा साच्यातनं गरम गरम बाहेर पडत होता.
मग गोदामात, अंधारात,
दुसऱ्यांच्या खाली दबून,
एक किलोमीटर न जाता म्हातारा झाला.
टायरचा राग मला कधी आलाच नाही.
शोरूमवाल्याचा आला, तो अजून आहे.

दस्तगीरनं एका जुन्या चाकावर नवा पट्टा बसवून दिला.
त्याला नाव नाही.
खडूनं गाडीचा नंबर लिहिला होता,
तो जांबोटीच्या चिखलात गेला.
किती चालंल, विचारलं.
"चालंल तवर चालंल.
मधी मधी तू त्यालाच विचारत जा की."

तर आता घाटाआधी गाडी बाजूला घेतो,
लाकडी दांडका काढतो,
सहाही चाकांना विचारतो.
धडधाकट असला की ठण्ण म्हणतो,
बसायला लागला की धप्प.
काल डावीकडचा आतला
मधलंच काहीतरी बोलला.
भरमा वाकून विचारतोय, काय म्हणायलाय?
मी परत एकदा मारला.
म्हटलं, गप.
ऐकू दे.