बदली

चार वाजून वीस मिनिटांनी फोन.
"आज रात्री मोकळी आहेस का?"
कुठे, किती वाजता, किती पैसे, हे नंतर विचारायचं असतं.
आधी म्हणायचं, आहे.

क्लीथॉर्प्स. समुद्राकाठचा हॉल. साडेसातला पहिला ठोका.
त्यांचा ड्रमर, कुणी गॉर्डन टास्कर,
सकाळी जिन्यावरून पडला म्हणे, मनगट गेलं.
रॉदरहॅमहून सव्वा तास, रस्ता मोकळा असेल तर.
शनिवारी तो कधीच नसतो.

डिकी भरलेलीच असते.
झांजांची पिशवी. स्नेअर, आणि त्याचं राखीव कातडं.
पेडलं दोन, कारण स्प्रिंग तुटते ती मुहूर्त पाहून.
काठ्यांचे सहा जोड, ब्रश, चिकटपट्टी,
ड्रम सरकू नये म्हणून गालिच्याचा तुकडा,
त्यावर अजून आधीच्या मालकाच्या मांजराचे केस.
ड्रमची किल्ली तीन ठिकाणी: डिकीत, पाकिटात, गळ्यात.
मंगळसूत्र कुठे आहे ते विचारू नका.
काळा शर्ट, इस्त्रीचा, मागच्या सीटवर आडवा.
एक केळं.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, आई म्हणायची.
ती सुईण होती, इथलीच, आमच्या टेकडीखालच्या चार वस्त्यांची.
दाराआड तिची तपकिरी बॅग,
कात्री, दोरा, स्वच्छ टॉवेल, फोनसाठी सुटी नाणी.
रात्री बोलावणं आलं की मी पांघरुणातून ऐकायचे,
चावी, बॅग, दार.
पहिला ठेका मी तिथे शिकले असेन.
मी ड्रम आणले तेव्हा मात्र
ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

गाडीत त्यांची गाणी लावते. बत्तीस आहेत, तास एक.
नुसत्या सुरुवाती ऐकते आणि शेवट.
मधलं हात सांभाळतात,
माणूस उघडा पडतो तो शिरताना आणि निघताना.
स्कंथॉर्पची धुरांडी येतात, जातात,
स्टिअरिंगवर माझी बोटं कुणाच्या तरी लग्नातला वॉल्ट्झ वाजवत असतात.

ट्रम्पेटवाल्याने दार उघडून माझ्या मागे पाहिलं.
मागे कुणी नव्हतं.
"बरं," तो म्हणाला, "ये."

गॉर्डनचा ड्रमसेट मांडलेलाच होता.
स्टूल उंच. तीन फेरे खाली घेतलं.
स्टँडवर त्याचा कागद, पेन्सिलीचं बारीक अक्षर:
मॉरीन उशिरा शिरते, थांब.
इथे तू घाई करतोस, गाढवा.
हे गाणं बाबांचं.
आणि अकराव्यापुढे नुसतं एक वर्तुळ.

दहा गाणी निभली. मॉरीन उशिराच शिरली, मी थांबले.
अकरावं आलं तेव्हा कळेना,
वर्तुळ म्हणजे जोरात की हळू, की कॉफीच्या कपाचा डाग.
विचारायला वेळ नव्हता.
बेसवाल्याच्या खांद्यावर डोळे ठेवले.
कड्याच्या शेवटी खांदा जरासा उतरला
आणि मी काठी हवेतच धरली.
सगळे थांबले होते.
नाचणारी म्हातारी जोडपी, एक पाय वर,
काचेबाहेर काळा समुद्र,
चार मात्रा रिकाम्या, टास्करसाहेबांनी राखलेल्या.
मग सगळ्यांबरोबर समेवर आले, जणू वीस वर्षं येते आहे.
ट्रम्पेटवाला वळून बघेल असं वाटलं होतं.
नाही बघितलं. हीच शाबासकी.

पैशांच्या पाकिटावर गॉर्डनचं नाव होतं, खोडलेलं.
माझं लिहायला कुणाला सुचलं नसावं.
निघताना स्टूल तीन फेरे वर करून ठेवलं.

घरी एक वाजला. शर्ट मशीनमध्ये.
तुटलेल्या काठीच्या जागी नवी काठी,
पेट्रोल येतानाच भरलं होतं.
आई पहाटे परतायची तेव्हा मी जिन्यातून विचारायचे,
"मुलगा की मुलगी?"
ती बूट काढत म्हणायची, "झोप आता."

केळं राहूनच गेलं होतं, पुरतं काळं पडलेलं.
डिकी बंद केली
आणि ते अंधारात उभ्याउभ्याच खाल्लं.