जुन्या डोळ्याचा पिवळा

नळ आला नाही, म्हणून
तीन गुंड्या बोअरच्या पाण्यात रंगवल्या.
आधीच्या तीन परवाच्या, नर्मदेच्या.
हिरडा तोच, सियागंजातल्या एकाच पुडीतला,
तुरटी तोळ्यावर मोजलेली,
साली परदेशीपुऱ्यातल्या त्याच ज्यूसवाल्याच्या,
जो कचऱ्याची गाडी यायच्या आत
माझं डाळिंब ओल्या डब्यातून वाचवतो.
तरी गच्चीवर, दोरीवर
दोन पिवळे.
एक सरळ सांगतो, मी पिवळा.
दुसरा आधी घसा खाकरतो.

महेश्वरच्या हनीफभाईंना सहा हव्यात, किनारीसाठी,
सहाही सारख्या.
मी बापूंना वर बोलावलं.

बापू, माझे सासरे.
गिरणीच्या रंगखात्यात एकतीस वर्षं.
वरून नमुन्याची चिंधी यायची,
हे उत्तरेच्या खिडकीशी उभे राहायचे
आणि ताग्याच्या कडेला खडूनं लिहायचे: पास.
किंवा काहीच लिहायचे नाहीत,
आणि तेवढ्यानं अख्खं भगोनं पुन्हा चढायचं.
गिरणी बंद झाली त्या दिवशीचा खडू
सदऱ्याच्या खिशात राहिला, धुण्यात विरघळला.

गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
डावा येत्या गुरुवारी.

त्यांनी गुंडीचा पिळा सोडला,
डावा डोळा तळव्यानं झाकला,
मग उजवा,
मग पुन्हा डावा.
"दोन कुठले म्हणतेस?
इथं चार आहेत."

हसले नाहीत.
कठड्याला टेकून बराच वेळ
नंदानगरच्या पाण्याच्या टाक्या बघत राहिले.
"शेवटी शेवटी मी जो माल पास केला," म्हणाले,
"तो डाव्यानं केला की काय, कोण जाणे."

आणि मग, जिना उतरता उतरता थांबून:
"गुरुवारी हा जाईल."
कोण?
"हा. डाव्याचा पिवळा.
तुझी सासू गेली तेव्हा तिच्या अंगावरचं पातळ
मी ह्याच पिवळ्यात बघितलं.
खरा रंग काय होता, ते मला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही.
सोड्यात उकळून ठेवलेली एक पांढरी गुंडी काढली.

साली कमी, पाणी बोअरचं.
चिमूटभर काथ.
गिरणी भंगारात गेली तेव्हा बापूंनी
एक नट उचलून आणला होता, मुठीएवढा.
तो माझ्या बरणीत, गुळाच्या पाण्यात गंजत असतो.
त्या काळ्या पाण्याचे तीन थेंब.

डाव्या डोळ्यासमोर परवाची गुंडी,
उजव्यासमोर ही नवी.
एक तळवा इकडे, एक तिकडे,
आळीपाळीनं,
जणू दोन भांडणाऱ्यांची साक्ष घेताहेत.
"वाळू दे आधी.
ओलं सूत सगळ्यांनाच हो म्हणतं."
वाळली.
"अजून उजळ आहे. माझ्याकडे इतका उजेड नाही येत."
काथ.
"आता फार झालं. मी आंधळा नाही झालो."
दुसरी पांढरी गुंडी.
सून आहे म्हणून नाही तर
खात्यातल्या पोरासारखे ओरडले असते.
थोडे ओरडलेच.

बुधवारी, चौथ्या खेपेला,
ऊन गच्चीवरून निघायच्या बेतात असताना
त्यांनी दोन्ही हात खाली घेतले.
खडू नव्हता.
कुंडीखालचा विटेचा तुकडा घेऊन
कठड्यावर लिहिलं,
मोडीसारखं वाकडं, पण वाचता येतं.

गुंडी डब्यात ठेवली आहे, वर्तमानपत्रात.
त्यांनी ती अजून मागितली नाही.
डोळ्यात थेंब दिवसातून चारदा,
दोन आठवडे वाकायचं नाही.

हनीफभाईंना फोन करायचा आहे,
सहा गुंड्या तशाच दोरीवर, तीन आणि तीन.
आज नळ यायचा दिवस.