अर्धा इंच

तीस वर्षं मी गुळगुळीत टायरांना खाचा पाडल्या.
दारुखान्यात, भंगाराच्या गल्लीत,
तापलेलं पातं आणि दोन्ही हातांचा जोर,
की झिजलेला टायर पुन्हा नवा दिसू लागायचा.
दिसू लागायचा, एवढंच.
ट्रकवाले खूश, खोझेमा शेठ खूश,
रस्त्याला कुणी विचारलं नाही.

आणि ह्या मे महिन्यात
कोरा करकरीत पट्टा कुणी पुढ्यात आणून टाकतो:
ह्याचे दात कमी करा.

मोटरसायकलचं मागचं चाक काढायचं,
तिथे हा रबरी पट्टा चढवायचा,
पुढच्या चाकाजागी एक वाकडी फळी.
म्हणे बर्फावर पळते.
मालक रिग्झिन, स्पितीचा पोरगा,
माझगावच्या लॉजवर उतरलेला,
ओल्या टॉवेलने सारखी मान पुसणारा.

गोदीतून दोन पट्टे सुटले होते.
शेठ म्हणाले, मोठा घे, भाव तोच आहे.
मी टेप लावली, जमिनीवर खडू ओढला.
लांब पट्टा भुसभुशीत बर्फावर तरंगेल,
पण वळणावर बैलासारखा अडून बसेल.
रिग्झिन म्हणाला, आमच्याकडे वारा बर्फ थापून ठेवतो,
वरून पाय आपटला तरी वाजतो.
आणि इंजिन लहान,
तेवढ्या उंचीवर त्यालाही धाप लागते.
मग आखूडच. बरोबर दहा फूट.
चाळीस ओळी, ओळीत चार दात, दात अडीच इंची.
वेगात पट्टा फुगतो,
वरच्या पत्र्याच्या बोल्टांना घासला असता.
म्हणून अर्धा इंच काढायचा.
कडेचे थोडे जास्त, तिरके,
म्हणजे गाडी कुशीवर झुकायला लाजणार नाही.

रात्री झोप आली नाही.
खाच उथळ पडली तर पुन्हा पातं फिरवता येतं.
कापलेला दात परत येत नाही.

पहाटे एकच ओळ कापली
आणि इद्रिसच्या हातगाडीवर पट्टा घालून
भाऊच्या धक्क्यावर गेलो.
बर्फ म्हणजे मला ठाऊक असलेला हाच:
लाद्या चरकात जातात, चुरा खाली पडतो,
पापलेटांवर, बोंबलांवर, वाळकेश्वरच्या बंगल्यांत जायच्या कोळंबीवर.
ढिगात आधी लांब दात रोवला. खेचला.
फावडंभर चुरा उडाला, पट्टा जागच्या जागी.
मग कापलेली ओळ.
तिने धरलं. धरून सोडलं.
टोपली टेकवून एक कोळीण बघत होती.
“यो कंचा मावरा रं भावा?”
इद्रिस म्हणाला, वरचा आहे. लय वरचा.
तिने दात बोटांनी चाचपला,
“काटं लय हायेत,” म्हणाली आणि गेली.

दोन दिवस लागले.
पत्र्याचा साचा, त्यावरून पातं, धूर,
डोळ्यांत पाणी, शर्टाला जळका वास जो साबणाने जात नाही.
सतराव्या ओळीत पातं सरकलं.
दुसरा दात ज्यादा गेला, बोटाच्या नखाएवढा.
मी रिग्झिनला दाखवला.
तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
एकशे साठात एक. चालेल.
मला ते “चालेल” आवडलं नाही.

डिसेंबरात फोनवर व्हिडिओ आला.
गाडी लांब गेली आहे, आवाज बारीक होत गेलेला,
आणि पांढऱ्यावर तिची वाट, शिवणीसारखी.
मी चष्मा पुसला. बोटांनी मोठं केलं.
होय.
दर दहा फुटांवर, डाव्या अंगाला,
एक टाका उथळ.
वळणापर्यंत अकरा वेळा मोजला.
बायको म्हणाली, काय शोधताय एवढं?
म्हटलं, माझी सही.

कापलेले तुकडे गोणीत पडून आहेत.
त्यांतले चार फ्रिजच्या पायांखाली सरकवलेत,
आता तो रात्री हलत नाही.